मेंढरांवरचा आळ

सरकारी कागदातला एकही शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, ही माझी जुनी खोड. पलटणीत वीस वर्षं कारकुनी केली, हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत, बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक खोली भाड्यानं घेऊन माजी सैनिकांचे अर्ज लिहायला बसलो. लासूर स्टेशनला भावांची शेती आहे, त्यात माझाही तुकडा आहे, पण ढेकळं फोडण्यापेक्षा मला शिक्के मारणं आवडतं. समोरचा माणूस बोलतो ते मी लिहितो, त्याला वाचून दाखवतो आणि खाली त्याची सही घेतो. आपल्या मनाचं काही घालत नाही. या गोष्टीचा मला चांगलाच ताठा होता. तो बिरूमुळं उतरला, म्हणून आज त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे.

बिरू धनगर. खुलताबादहून वेरूळकडं उतरताना घाटाच्या अलीकडं एक पायवाट फुटते, तिच्या टोकाला सात-आठ घरांची वस्ती आहे, तिथला. उंच, काटक, बोलायला कंजूष. शहराचं हे नाव पाट्यांवर येण्याच्या कितीतरी आधी, ऐंशी सालाच्याही आधी, तो पहिल्यांदा माझ्या खोलीवर आला. एकटा आला असता तर तक्रार नव्हती. ऐंशी मेंढरं घेऊन आला.

दिवाळी झाली, डोंगरातलं गवत वाळलं, की त्याचा कळप पैठणच्या अंगाला शेतांमध्ये खतासाठी बसायला उतरायचा. वाट छावणीवरून. वर्षातून एकदा शहर पायाखाली येतंय तर हयातीचा दाखला, पेन्शनचे कागद, सगळं त्याच फेरीत उरकून घ्यावं, असा त्याचा सरळ विचार. मग काय, बिरू माझ्या खुर्चीसमोर, त्याची बायको बानाबाई काठी घेऊन दारात आणि रस्ताभर मेंढरं. मोटारी कोकलायच्या, पलीकडचा शिंपी माझ्या नावानं ओरडायचा आणि माझ्या पायरीवर लेंड्यांचा सडा.

"बिरू, कळप सोडून येता येत नाही का रे तुला?" मी दर वर्षी विचारायचो.

"कुणाच्या भरवशावर सोडू, हवालदारसाहेब?" तो दर वर्षी म्हणायचा. दोघांच्याही बोलण्यात कधी बदल झाला नाही.

त्याची पेन्शन अपंगत्वाची. पोरसवदा वयात भरती झाला तेव्हा भरतीच्या साहेबानं विचारलं, काय येतं? हा म्हणाला, जनावर राखता येतं. त्याला खच्चरांच्या तुकडीत टाकलं. पूर्वेकडच्या बर्फाच्या डोंगरात जिथं गाडी जात नाही, तिथल्या चौक्यांना खच्चरांवरून शिधा आणि दारूगोळा पोचवायचा, हे काम. बिरूला ते इतकं मानवलं की पलटणीतली त्याची हकीकत विचारली तर तो माणसांची नावं विसरायचा, पण खच्चरांचे खुरावर डागलेले नंबर घडाघडा सांगायचा.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत एका अरुंद वाटेवर तीनशे सतरा नंबरचं खच्चर पाठीवरच्या ओझ्यासकट घसरलं. अशा वेळी दोर सोडून द्यायचा, हा तिथला पक्का नियम. जनावर गेलं तर दुसरं मिळतं. बिरूनं दोर सोडला नाही. मनगटाला वेढा मारून बसला. खच्चर वाचलं, पण त्याच्या पाठीवरची पेटी सुटून बिरूच्या डाव्या मांडीवर आली आणि हाडाचे दोन तुकडे झाले. हाड जुळलं ते दीड इंच आखूड. पुढच्या वर्षी त्याला घरी पाठवलं.

"अरे, नियम माहीत होता ना तुला?" मी एकदा चिडून विचारलं होतं.

"व्हय. पर जनावराचा दोर सोडायचं घरी कुणी शिकवलंच नव्हतं."

शहाऐंशी साली त्याची फेरतपासणी आली. अपंगत्व तेवढंच आहे का, वाढलंय का, दुसरा काही त्रास आहे का, हे पाहण्याचा तो कागद. त्याला जोडायचा जबाब मी लिहून देणार होतो. नेहमीप्रमाणं बिरू आला, नेहमीप्रमाणं मेंढरं रस्त्यात. त्या दिवशी एका मेंढरानं आत येऊन माझ्या टेबलाखालची फाईल चघळायला घेतली होती. माझं डोकं फिरलेलं. मी भराभर विचारत गेलो.

"डावा पाय?"

"आखूड हाय. थंडीत ठणकतो." ते फौजी डॉक्टरांनी आधीच लिहिलेलं होतं, म्हणून तेवढं बोलला.

"उजवा पाय? कंबर? काही त्रास?"

बिरूनं दाराकडं पाहिलं. मग म्हणाला, "काय नाय. बेस हाय."

मी लिहिलं : उजव्या पायास काहीही तक्रार नाही. वाचून दाखवलं. त्यानं सही केली. उठून दारापर्यंत जाताना तो उजव्या अंगावर कसा कलला होता, हे मला दिसलं होतं. दिसलं होतं, हे मी आज कबूल करतो. पण माणूस बोलतो ते लिहायचं, हा माझा नियम, आणि मला ती मेंढरं एकदाची पुढं गेलेली हवी होती.

मग वीस वर्षं गेली. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर बिरू आला तेव्हा रस्ता मोकळा होता. तो आणि बानाबाई एसटीनं आले होते. मेंढरं वस्तीवर शेजाऱ्याकडं सोपवली होती. तीस वर्षं मी ज्याला वैतागलो तो गोंधळ नाही म्हटल्यावर खोली ओकीबोकी वाटली. काठीवर भार देत बिरू खुर्चीत बसला, बसताना त्याचा श्वास अडकला. बोलली ती बानाबाई.

"उजवा खुबा गेला म्हणत्यात डाकतर. फोटो काढलाय. वाटी झिजून हाडाला हाड लागलंय. आप्रेशन करतेत म्हणे, माजी सैनिक म्हणून ते व्हईल. पर त्याच्या म्होरं?"

त्याच्या पुढचा प्रश्न खरा होता. ऑपरेशन झालं तरी बिरूला आता डोंगर चढता येणार नव्हता. मुली लग्न होऊन गेलेल्या. त्या सालात बानाबाई एकटी कळपामागं चालत होती आणि तिचंही वय साठीला आलेलं. एक गडी ठेवला तर कळप राहणार होता, आणि गडी ठेवायचा तर पेन्शन वाढायला हवी होती. नाहीतर कळप विकायचा. लासूर स्टेशनचा व्यापारी येऊन मेंढरं पाहूनही गेला होता. पेन्शनचं कळेपर्यंत थांब, एवढंच बानाबाईनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

नियम मला तोंडपाठ होता. नोकरीत झालेल्या दुखापतीपायी पुढं दुसरं दुखणं जडलं, तर तेही त्याच दुखापतीच्या पदरात घालता येतं. डावा पाय आखूड, म्हणून सगळा भार उजव्यावर, म्हणून उजवा खुबा झिजला. शेंबड्या पोरालाही समजावं. फक्त पहिल्या दुखण्यापासून दुसऱ्यापर्यंतचा धागा कागदावर दाखवावा लागतो. मी मोठ्या तोऱ्यात अर्ज लिहिला आणि म्हणालो, "बानाबाई, व्यापाऱ्याला सांगा, दुसरा कळप बघ."

आठ महिन्यांनी नकार आला. पाकीट माझ्या पत्त्यावर. त्यात लिहिलं होतं : उजव्या खुब्याची झीज ही वयोमान व मेंढपाळीचा व्यवसाय यांमुळे झालेली असून सेवेतील दुखापतीशी तिचा संबंध आढळत नाही. आधाराला एक जुना कागद जोडलेला. शहाऐंशी सालचा जबाब. उजव्या पायास काहीही तक्रार नाही. अक्षर माझं. वळणदार, टपोरं, ज्याचं पलटणीत कौतुक व्हायचं तेच.

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोनं दोनदा विचारलं, तिच्यावरच डाफरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं खुलताबादला उतरलो आणि पायवाटेनं वस्तीवर गेलो. बिरू सपराच्या सावलीत घोंगडीवर बसला होता, मेंढरं पलीकडं काट्यांच्या वाड्यात. मी पत्र काढलं आणि वाचायला लागलो. 'मेंढपाळीचा व्यवसाय' इथपर्यंत आलो तशी त्यानं मान वर केली.

"म्हंजी? मेंढरांनी पाय खाल्ला, असं लिवलंय?"

"तसंच काहीसं."

मी त्याला इतका चिडलेला कधी पाहिला नव्हता. पेन्शन गेली, कळप जाणार, यातलं तो काहीच बोलला नाही. "बत्तीस सालं त्यांच्या मागं चालतोय, एका मेंढरानं कव्हा शिंग लावलं नाय. आन् हे कागदावर त्यांच्यावर आळ घेत्यात? वय म्हणा, माव्हं नशीब म्हणा. मेंढरांचं नाव कशापायी?"

"बिरू, चूक मेंढरांची नाही आणि त्या कार्यालयाचीही पुरती नाही," मी म्हणालो. "चूक या कागदाची आहे आणि हा मी लिहिलाय." आणि जबाब त्याच्या पुढ्यात ठेवला. "तुझा पाय तेव्हाही दुखत होता. मला दिसलं होतं. मग तू 'काय नाय' असं का म्हणालास? आणि मी तरी पुन्हा का नाही विचारलं?"

बिरूनं वाड्याकडं पाहिलं आणि ओठ मिटले. वीस वर्षांपूर्वी माझ्या दाराकडं पाहिलं होतं, अगदी तसंच.

बानाबाईनं मला हातानं खुणावलं. ती उठली, वस्तीच्या बाहेर, विहिरीच्या पलीकडं चालत गेली. मला काही कळेना, पण गेलो मागं.

"आता बोलते," ती म्हणाली. "दादा, चालणाऱ्या माणसानं पायाचं दुखणं कळपाच्या कानावर घालू नये. ते त्यांच्या खुरात उतरतंय. आमच्या मामंजींनी एकदा वाड्यात बसून पाय दुखतोय म्हणलं व्हतं, त्या सालाला खुरकुतानं निम्मा कळप बसला. तव्हापासून ह्या घरात पायाचं कुणी बोलत नाय. आन् त्या दिवशी मेंढरं तुमच्या दारातच व्हती की!"

मी विहिरीच्या काठावर बसलो. हसावं की कपाळ बडवावं कळेना. सगळा भारत सरकारचा कारभार एका जबाबावर अडला होता आणि तो जबाब बिरूनं मला दिलाच नव्हता, ऐंशी मेंढरांना ऐकवला होता. आणि दर वर्षीची फेरी ही अशीच, कळपासकट. या माणसाला मी एकदा, फक्त एकदा, मेंढरांच्या कानाआड नेऊन विचारलं असतं तर!

"पण हे मी कुणाला सांगू, बानाबाई? अपिलात लिहू? मेंढरं ऐकत होती म्हणून?"

"खरं हाय तर लिवा."

परत आलो. चहा होईपर्यंत सपरात टेकलो आणि वर पाहिलं. वाशांना, चुलीच्या धुरानं काळ्या पडलेल्या, वहाणा टांगलेल्या होत्या. उलट्या, जोडीजोडीनं, लोकरीच्या दोरानं बांधलेल्या, ओळीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे काय?"

"नजर लागू नये कळपाला," बानाबाई म्हणाली. "वरीसभर ज्या वहाणांनी कळप राखला त्या टाकायच्या नसत्यात. दसऱ्याला नवी घालायची, जुनी हितं टांगायची."

"दर दसऱ्याला?"

"पलटणीतनं आल्यापून."

मी उभाच राहिलो. माणूस सहा महिन्यांपूर्वीची पावती जपून ठेवत नाही हो, आणि इथं एकतीस वर्षांचे कागद एका खाली एक लावल्यासारखे टांगलेले. ही तर फाईल होती. माझ्या खोलीतल्या कुठल्याही फाईलपेक्षा चोख. मी एकेक जोडी खाली घेतली आणि उलटी करून पाहिली. पहिल्या दोन जोड्यांचे तळ बरोबरीनं झिजले होते. पाचव्या-सहाव्या जोडीपासून उजव्या वहाणेची टाच बाहेरच्या अंगानं कातरल्यासारखी गेलेली, डावी तशीच्या तशी. पुढं पुढं उजवीला ठिगळावर ठिगळ.

"ही कोणत्या सालची?" मी बाराव्या जोडीवर बोट ठेवलं. तिच्या उजव्या वहाणेला टाच उरलीच नव्हती.

बानाबाईनं दोराची गाठ चाचपली. "धाकटी झाली त्या सालची."

धाकटीचा शाळेचा दाखला पेटीत होता. जन्म शहाऐंशी. मी तो दाखला हातात घेऊन मोठ्यानं हसलो तेव्हा बिरूला वाटलं असावं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. ज्या साली माझ्या वळणदार अक्षरानं तक्रार नाही म्हटलं, त्याच सालच्या वहाणेनं सगळी तक्रार लिहून ठेवली होती.

वहाणा करणारा रामकिसन खुलताबादला वेशीजवळ अजून बसायचा. त्याच्याकडं गेलो. पहिल्यांदा तो घाबरला, मग त्याला कळलं की हा माणूस त्याचं काम तपासायला नाही, त्याची साक्ष घ्यायला आलाय, तसा खुलला.

"पलटणीतनं बिरू आला तव्हा त्याच्या पायात फौजेचा उंच टाचेचा बूट व्हता," तो म्हणाला. "बूट डोंगरात फुटला. मला म्हणला, तेवढीच उंची दे. म्या बूट मोजून डाव्या वहाणेला चामडी चढवली. सगळी नाय देता आली, पुरी उंची दिली तर दगडात पाय मुरगळतो. आन् उजवीचं काय सांगू? उजवा तळ दर साली आधी जायचा. मंग डाव्याला उंची आन् उजव्याला जाडी, असं माव्हं ठरूनच गेलं. बिरू कव्हा सांगायचा नाय. वहाण पाह्यली की मला कळायचं."

हे सगळं मी लिहून घेतलं, त्याच्याच शब्दांत, आणि त्याची सही घेतली. मग प्रत्येक जोडीला चिठ्ठी बांधली. ही भूकंपाच्या सालची, ही थोरलीच्या लग्नाच्या सालची, ही वाघ्या कुत्रा मेला त्या सालची. जिथं साल कागदानं सिद्ध होत होतं तिथं कागद जोडला, जिथं होत नव्हतं तिथं 'कुटुंबाच्या सांगण्यावरून' असं लिहिलं. चार जोड्या उंदरांनी आणि कुत्र्यानं नेल्या होत्या. त्यांच्यापुढं मी 'गहाळ' लिहिलं. सत्तावीस जोड्या दोन पोत्यांत भरल्या.

अपील केलं, बानाबाईनं व्यापाऱ्याला पुढच्या पाडव्यापर्यंत थोपवलं आणि मार्गशीर्षात तपासणीचं बोलावणं आलं. लांबच्या शहरातला फौजी दवाखाना, तीन अधिकाऱ्यांचं बोर्ड. बिरू, बानाबाई, मी आणि दोन पोती. खरं सांगतो, रेल्वेतून उतरताना मला लाज वाटत होती. उभ्या आयुष्यात मी साहेबापुढं इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय गेलो नाही, आणि आता जुन्या वहाणांची पोती घेऊन चाललो होतो. दारावरच्या शिपायानं विचारलं, पोत्यात काय? मी म्हणालो, "कागदपत्रं." खोटं बोललो असं मला अजून वाटत नाही.

हाडांचे डॉक्टर असलेले कर्नलसाहेब चाळिशीचे असतील. त्यांनी एक्स-रे पाहिला, माझी यादी पाहिली, भुवया वर केल्या. "दाखवा," म्हणाले. मी व्हरांड्यात वर्तमानपत्रं अंथरली आणि जोड्या सालवार मांडल्या. सत्तावीस जोड्यांची रांग दाराच्या पार पलीकडं गेली. बाकीचे दोन अधिकारी चेहरे गंभीर ठेवायची खटपट करत होते. कर्नलसाहेब मात्र रांगेच्या सुरुवातीला उकिडवे बसले आणि एकेक वहाण उलटी करत पुढं सरकत गेले. मध्येच त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि टाचांची जाडी मोजायला लागले. बाराव्या जोडीपाशी बराच वेळ थांबले, मग धाकटीचा दाखला मागून घेतला.

"चालून दाखव," ते बिरूला म्हणाले. बिरू वहाणांच्या रांगेच्या बाजूनं चालत गेला आणि परत आला. त्याचं चालणं आणि ती रांग शेजारीशेजारी पाहिल्यावर वेगळं सांगायला काही उरलं नव्हतं. पण कागदाला प्रश्न विचारावाच लागतो, म्हणून आम्हाला आत टेबलासमोर बोलावलं.

"उजवा पाय दुखतो का?" कर्नलसाहेबांनी हिंदीत विचारलं.

बिरूनं दाराकडं पाहिलं. ओठ मिटले. इतकं सगळं करून हा गडी आता 'बेस हाय' म्हणाला तर संपलं. मी मध्ये बोलू शकत नव्हतो, बोर्डासमोर उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं असतं. कर्नलसाहेबांनी पुन्हा विचारलं. बिरूच्या कपाळावर घाम आला.

बाहेरच्या बाकड्यावरून बानाबाईचा आवाज आला, कुणाची परवानगी न घेता. "अहो, मेंढरं खुलताबादला हायती! हितनं ऐकू जात नाय त्यांना! बोला!"

बिरूनं एक लांब श्वास घेतला.

"दुखतंय साहेब," तो म्हणाला. "लई दुखतंय." आणि मग थांबेना. कधीपासून दुखतंय, उतारावर कसं दुखतं, पावसाळ्यात रात्रभर कूस कशी बदलता येत नाही, मेलेलं कोकरू उचलायला वाकलो की डोळ्यापुढं अंधारी कशी येते. एकतीस वर्षांचं साचलेलं तो मराठीत बोलत होता आणि मी हिंदीत सांगत होतो. तीस वर्षं या माणसाचे कागद मी लिहिले आणि त्याचं दुखणं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"मग शहाऐंशी साली तक्रार नाही असं का लिहून दिलं?" साहेबांनी विचारलं.

हे उत्तर माझं होतं. मी जुन्या सवयीनं सावधान उभा राहिलो. "साहेब, जबाब मी लिहिला. त्या वेळी याची मेंढरं माझ्या दारात उभी होती. यांच्या घरात पायाचं दुखणं कळपासमोर बोलत नाहीत. मला ते माहीत नव्हतं. याचं कलणं मला दिसलं होतं, पण मी पुन्हा विचारलं नाही. ती चूक माझी."

बाकीच्या दोघांना हसू फुटलं. कर्नलसाहेब हसले नाहीत. त्यांनी बाराव्या जोडीची उजवी वहाण टेबलावर आणून ठेवली आणि तिच्याकडं पाहत पाहत लिहू लागले. लिहून झाल्यावर एवढंच म्हणाले, "या सगळ्या नीट परत न्या. टाकू नका."

बानाबाईनं त्यांना सांगितलं, "टाकीत नसतोच आमी."

माघात बिरूचं ऑपरेशन झालं. फाल्गुन संपत आला तरी पत्र नव्हतं. लासूरच्या व्यापाऱ्यानं निरोप धाडला, पाडव्यानंतर टेम्पो पाठवतो. मी रोज पोस्टमनची वाट अडवून उभा. पाडव्याच्या चार दिवस आधी पाकीट आलं. मी ते माझ्या खोलीत उघडलं, एकदा वाचलं, दोनदा वाचलं, शिक्का पाहिला, आणि खोलीला कुलूप लावून तडक एसटी गाठली.

वस्तीवर पोचलो तेव्हा बिरू काठी टेकत अंगणात चालायचा सराव करत होता. मला पाहून थांबला. मी पाकीट वर केलं आणि तिथंच वाचायला तोंड उघडलं.

"हितं नको!" दोघंही एकदम ओरडले.

मग आम्ही तिघं विहिरीच्या पलीकडं गेलो. बिरूला तेवढं अंतर जायला वेळ लागला, पण गेला. तिथं मी वाचलं. उजव्या खुब्याची झीज व वेदना ही डाव्या पायास सेवेत झालेल्या दुखापतीचाच परिणाम असल्याचे मान्य करण्यात येत आहे. अपंगत्व वाढवून धरलं होतं, पेन्शन वाढली होती, मागल्या अर्जाच्या तारखेपासून. गडी ठेवण्यापुरतं झालं होतं. बानाबाईनं पदर तोंडाला लावला आणि खाली बसली.

बिरू मात्र तसाच उभा. "मेंढरांचं काय लिवलंय?"

"काही नाही."

"पुन्हा पघा."

मी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं. मेंढपाळीचा व्यवसाय हे शब्द कुठंच नव्हते. "नाही बिरू. मेंढरांचं नावच नाही. आळ गेला."

त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत मी त्याला असा हसताना पाहिला नव्हता. तो वाड्याकडं वळला. "मंग त्यांना वाचून दावा, हवालदारसाहेब."

"कुणाला?"

"त्यांनला. आळ त्यांच्यावरच घेतलता नव्हं? फकस्त तेवढा एक शब्द गाळा. वेदनेचा."

मी त्याच्याकडं पाहिलं, बानाबाईकडं पाहिलं. दोघांपैकी कुणीही थट्टा करत नव्हतं. मग मी चष्मा पुसला, वाड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो, वर माना करून पाहणाऱ्या साठ मेंढरांसमोर ते पत्र मोठ्यानं, थांबत थांबत, शिक्क्यासकट वाचलं, आणि तो एक शब्द गाळला.